पडद्यावरचं वेबटून पाहून माणसाला काय वाटलं ते मोजायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या दोनतीन गावांत घरोघरी जाऊन हे काम करतो. दोघं मानसशास्त्रवाले, एक कॉम्प्युटरवाला आणि एक ताई जिला अख्खी पंचक्रोशी ओळखते, तिच्याशिवाय आमच्यासाठी कोणी दार उघडत नाही. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, एमएची पोरं विचारतात, शाळेतले सर विचारतात, आणि ज्यांच्या बोटाला आम्ही वायर लावतो ते तर विचारतातच. प्रश्न जसे आले जवळपास तसेच ठेवले आहेत.

१. तुम्ही नेमकं करता काय भाऊ? सिरीज दाखवता अन् "कसं वाटलं" विचारता, एवढंच ना?

एवढंच असतं तर बरं झालं असतं. मोबाइलवर वाचायचं कॉमिक असतं, म्हणजे वेबटून, त्याच्यावरून कोणीतरी सिरीज किंवा सिनेमा काढतो. तोच प्रसंग वाचताना माणसाला जे वाटलं तेच पडद्यावर पाहताना वाटतं का, जास्त वाटतं का, की भलतंच काही वाटतं, हे आम्ही बघतो. सिरीज चांगली का वाईट हे ठरवायचं काम आमचं नाही, ते चावडीवर आपोआप होतं.

२. डिजिटल कॉमिक म्हणजे जुन्या कॉमिकची पीडीएफ का?

नाही. पीडीएफ म्हणजे पुस्तकाचा फोटो. आम्ही ज्याबद्दल बोलतो ते मुळातच फोनसाठी काढलेलं असतं, पानं नसतातच, वरून खाली एकच लांब पट्टी, अंगठ्यानं सरकवत जायचं. कोरियात त्याला वेबटून म्हणतात, तिथं नेव्हर कंपनीनं आपली वेबटूनची सेवा २००४ मध्ये सुरू केली आणि २०१४ पासून ती इंग्रजीतही मिळायला लागली. अशा कोरियन वेबटूनवरूनच पुढे 'स्वीट होम' (२०२०), 'इतेवॉन क्लास' (२०२०), 'ऑल ऑफ अस आर डेड' (२०२२) अशा सिरीज आल्या. सगळं कोरियातलंच असतं असंही नाही, 'हार्टस्टॉपर' हे इंग्लंडमधलं वेबकॉमिक, त्याची सिरीज २०२२ मध्ये आली.

यातला अंगठा लक्षात ठेवा, पुढची अर्धी उत्तरं त्या अंगठ्यावरच आहेत.

३. भावना काय मोजायची गोष्ट आहे? किलोत मोजता का लिटरमध्ये?

हा प्रश्न टोमणा म्हणूनच येतो पण प्रश्न बरोबर आहे. भावना सरळ मोजता येत नाही, तिच्या खुणा मोजता येतात. ताप मोजतो म्हणजे आपण आजार मोजत नाही ना, तसंच.

जेम्स रसेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० मध्ये सोपी मांडणी केली, दोन रेषा. एक आडवी, सुखद ते दुःखद. एक उभी, शांत ते खवळलेलं. भीती म्हणजे दुःखद आणि खवळलेलं, कंटाळा म्हणजे दुःखद आणि थंड, आनंदानं नाचणं म्हणजे सुखद आणि खवळलेलं. आजची बरीच मोजमापं या दोन रेषांवरच चालतात.

पण मला विचाराल तर आपल्याकडे हे फार आधी झालंय. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव आहेत आणि त्याशिवाय आठ सात्त्विक भाव आहेत, म्हणजे जे अंगावर आपोआप उमटतात, स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. आता बघा, स्वेद म्हणजे घाम आणि आमचं बोटाला लावायचं मशीन घामच मोजतं. यादी तीच आहे, बॅटरी नवीन. फक्त एक फरक विसरू नका, भरतमुनींनी हे नटाच्या बाजूनं सांगितलंय आणि आम्ही प्रेक्षकाच्या अंगावर शोधतो.

४. सगळ्यात स्वस्त पद्धत कोणती? आमच्या कॉलेजात फंड नाही.

कागद. खरंच सांगतो. मार्गारेट ब्रॅडली आणि पीटर लँग यांच्या १९९४ च्या लेखातली चित्रांची पट्टी आहे, तिला सॅम म्हणतात. माणसाच्या आकृत्यांच्या तीन ओळी. पहिल्या ओळीत हसऱ्या चेहऱ्यापासून पडलेल्या चेहऱ्यापर्यंत, दुसऱ्या ओळीत पोटात स्फोट झालेल्यापासून डोळे मिटलेल्यापर्यंत, तिसऱ्या ओळीत चिमुकल्या आकृतीपासून भल्यामोठ्या आकृतीपर्यंत, म्हणजे परिस्थिती आपल्या ताब्यात वाटते का नाही. प्रत्येक ओळीत पाच चित्रं, चित्रावर किंवा दोन चित्रांच्या मध्ये खूण करायची, झाले नऊ गुण. वाचता येत नसलं तरी चालतं, म्हणून आमच्याकडे हीच जास्त चालते. पोटात स्फोटवाल्या चित्राला एका गावात "सुतळी बॉम" नाव पडलंय, आता आम्हीही तेच म्हणतो.

तिसरी ओळ लोकांना समजत नाही. आम्ही समजावून समजावून थकलो, शेवटी दोनच ओळी ठेवल्या. कोणी परीक्षक विचारेल "तिसरी काऊन काढली", तर खरं कारण लिहा, लाजू नका.

५. लोक खरं सांगतात का? आमच्या गावात तर सगळेच "मस्त होता सर" म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि सगळ्यात जास्त डोकं यातच गेलं.

पहिली गोष्ट, "मस्त होता" हे उत्तर सिरीजला नसतं, तुम्हाला असतं. पाहुणा आला, चहा पाजला, आता त्याला वाईट कशाला वाटू द्यायचं. म्हणून जो माणूस सिरीज दाखवतो त्यानं प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्यानं विचारायचे, आणि विचारणाऱ्यानं आधीच सांगायचं की ही काही आम्ही बनवली नाही, शिव्या दिल्या तरी चालते. आमच्यात हे काम ताई करते. तिच्यासमोर एक काकू सरळ म्हणाल्या, "मले त काहीच समजलं नाई, नुसते धावून राह्यले", आणि त्याच काकूंनी पाच मिनिटांपूर्वी मला "छान आहे जी" सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट, शब्द. पॅनास नावाची वीस शब्दांची यादी १९८८ पासून जगभर वापरतात, दहा चांगल्या भावना दहा वाईट, आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण द्यायचे. तिचं पुस्तकी मराठी केलं की "सतर्क", "प्रेरित", "निश्चयी" असले शब्द येतात. हे शब्द तहसीलच्या पाटीवर शोभतात, सिरीज पाहून उठलेल्या माणसाच्या तोंडी येत नाहीत. त्याच्या तोंडी येतं, जीव वरखाली झाला, पोटात गोळा आला, अंगावर काटा आला, कसनुसं झालं, कंटाया आला. म्हणून आम्ही उलटं केलं, आधी पंधरावीस लोकांना नुसतं बोलू दिलं, त्यांचेच शब्द उचलले आणि त्याचीच यादी केली. मग ती पॅनास राहत नाही आणि इतरांच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही, हा तोटा मान्य आहे.

आणि "कसनुसं" हा शब्द तर फसवा आहे. किळस आली तरी कसनुसं, कीव आली तरी कसनुसं, पोरापोरींचा जवळ येण्याचा सीन सासऱ्यासमोर लागला तरी कसनुसंच. तेव्हा ताई विचारते, "कोठी झालं कसनुसं?" घशात म्हणाले तर एक, पोटात म्हणाले तर दुसरं, कानशिलं तापली म्हणाले तर तिसरं. ही आमची अक्कल नाही बरं, फिनलंडच्या लाउरी नुम्मेनमा आणि सोबत्यांनी २०१४ मध्ये लोकांना शरीराची आकृती देऊन कोणत्या भावनेला अंगात कुठं काय वाटतं ते रंगवायला लावलं होतं. आम्ही तीच आकृती कागदावर काढतो आणि खडू देतो. बायामाणसं बोलायला लाजतात पण खडूनं बरोबर रंगवतात.

६. आधी कॉमिक वाचायला द्यायचं का आधी सिरीज दाखवायची?

अर्ध्यांना हे आधी, अर्ध्यांना ते आधी, आणि कोणाला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. सगळ्यांना कॉमिक आधी दिलं तर सिरीजच्या वेळी कोण मरणार ते माहीतच असतं, मग धक्का कमी बसला तो सिरीजमुळे का माहीत असल्यामुळे हे कसं कळणार?

बरं, आधी माहीत असलं की मजा जातेच असंही नाही. लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये दाखवलं की शेवट आधी सांगितलेल्या गोष्टी लोकांना उलट जास्त आवडल्या. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. आपल्याकडे रामायण माहीत नसलेला माणूस रामलीलेला जातो का?

७. तुलना पूर्ण कॉमिकची पूर्ण सिरीजशी करायची का?

अजिबात नको. बारा भागांची सिरीज आणि शेकडो पट्ट्यांचं कॉमिक, माणूस आठवडाभर वाचेल, मध्ये त्याची गाय आजारी पडेल, मावसभावाचं लग्न येईल, आणि तुम्ही शेवटी एक आकडा घ्याल. डॅनियल काहनमन आणि बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९३ मध्ये दाखवलंय की मागाहून विचारलं तर माणूस सगळ्यात जोराचा क्षण आणि शेवट या दोहोंवरूनच मत बनवतो, मधलं किती वेळ चाललं ते जवळजवळ धरतच नाही. म्हणजे शेवट गोड तर सगळं गोड.

म्हणून प्रसंगाच्या जोड्या निवडा. पाचसहा पुरतात. एक भीतीचा, एक रडू येण्यासारखा, एक हसण्याचा, आणि एक अगदी साधा ज्यात काहीच होत नाही, तो साधा फार कामाचा असतो, बाकीच्यांची उंची त्याच्यावरूनच कळते.

आता अंगठा. कॉमिकमध्ये वेळ वाचणाऱ्याच्या हातात असतो. चित्रकार दोन चित्रांच्या मध्ये लांबच लांब काळी मोकळी जागा सोडतो, तुम्ही सरकवत राहता, खाली काहीतरी आहे हे कळतं, अंगठा हळू होतो. काही जण तिथं थांबून वर जातात, परत येतात. भीती तिथंच तयार झालेली असते, भूत दिसायच्या आधी. पडद्यावर तो वेळ दिग्दर्शकाच्या हातात जातो, तुम्हाला थांबता येत नाही, मग तो संगीत लावतो, श्वासाचा आवाज लावतो, अंगठ्याची भरपाई करतो म्हणा. 'हार्टस्टॉपर'च्या सिरीजमध्ये तर कॉमिकमधल्या उडत्या पानाफुलांचं ॲनिमेशन थेट खऱ्या माणसांच्या भोवती आणलंय, म्हणजे कागदावरची खूण पडद्यावरही सोडली नाही.

मोजणाऱ्याला याचा एक त्रास आहे. व्हिडिओत भूत सगळ्यांना एकाच सेकंदाला दिसतं. कॉमिकमध्ये प्रत्येकाला वेगळ्या सेकंदाला. म्हणून वाचताना फोनची स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचीच, आणि ते चित्र स्क्रीनवर कधी आलं ती वेळ नंतर हातानं टिपायची. हे काम कंटाळवाणं आहे, एका प्रसंगाला अर्धा दिवस जातो, पण हे केलं नाही तर पुढचं घामाचं मशीन (प्रश्न ८) कशाशी जोडणार? आणि हो, अंगठा कुठं किती थांबला हाच फुकटात मिळालेला एक आकडा आहे, तो फेकू नका.

८. ते बोटाला लावायचं मशीन काय सांगते? आणि उन्हाळ्यात चालते का?

एका हाताच्या दोन बोटांना दोन पट्ट्या, ज्या हातानं माणूस काम करत नाही तो हात. अगदी बारीक वीज जाते, कळतही नाही. मन खवळलं की तळहाताच्या घामाच्या ग्रंथी जाग्या होतात, कातडीतून वीज जरा सोपी जाते, तेवढा फरक मशीन मायक्रोसीमेन्स नावाच्या मापात दाखवते. हा फरक लगेच येत नाही, घटनेनंतर एक ते तीन सेकंदांनी येतो. भूत दहाव्या मिनिटाला दिसलं तर दहा मिनिटं एक सेकंद ते तीन सेकंद या जागेत बघायचं, नाहीतर तुम्ही आधीच्या संवादाला श्रेय देऊन बसाल. आणि मशीन फक्त *किती* खवळलं ते सांगते, *कशानं* ते सांगत नाही. भीती, आनंद, राग सगळ्यांचा आलेखावरचा डोंगर सारखाच दिसतो. म्हणून सोबत कागद लागतोच (प्रश्न ४).

उन्हाळ्याचं म्हणाल तर विसरा. प्रयोगशाळेत साधारण २२ ते २४ अंशात मोजतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तर विचारूच नका. अशात सिरीज सुरू व्हायच्या आधीच सगळे घामाघूम, कूलर लावला तर त्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नाही आणि हवा दमट होते ते वेगळंच. पहिल्या वर्षी आम्ही एप्रिलमध्ये मोजलं होतं, सगळा डेटा टाकून दिला. आता दिवाळीनंतर ते फेब्रुवारी एवढंच करतो. पण थंडीतही सकाळी सात वाजता नको, हात गार असले तर मशीन काहीच बोलत नाही, आधी चहाचा कप धरायला द्या.

एक गोष्ट पुस्तकात ठळकपणे नसते. शेतात राबणाऱ्या माणसाच्या बोटांना घट्टे असतात, कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी चिरे पडलेले असतात. जाड कातडीतून वीज कमी जाते, चिऱ्यातून जास्त. कॉलेजच्या पोराचा आकडा आणि कापूस वेचणाऱ्या काकूंचा आकडा शेजारी ठेवून "काकूंना कमी वाटलं" म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. उपाय दोन. पायाच्या तळव्याची आतली बाजूही चालते, तिथं लावा. आणि कोणाचीही तुलना दुसऱ्याशी करू नका, काकूंचा भीतीचा सीन काकूंच्याच साध्या सीनशी ताडा. हात साध्या पाण्यानं धुवायला सांगा, साबण नको.

९. माझ्या स्मार्ट घड्याळात ठोके दिसतात, ते चालतील का?

मोठ्या फरकासाठी ठीक, सेकंदाच्या हिशोबासाठी नाही. घड्याळ हिरव्या उजेडानं रक्ताचा प्रवाह बघतं आणि मधल्या काही सेकंदांची सरासरी काढून आकडा देतं, हात हलला की गडबड. शिवाय एक गंमत आहे, भयानक चित्र समोर आलं की ठोके आधी *कमी* होतात, माणूस लक्ष देऊन थबकतो म्हणून. "ठोके वाढले नाही म्हणजे घाबरला नाही" असा निष्कर्ष काढणारे प्रोजेक्ट आम्ही पाहिलेत.

१०. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं चेहरा वाचणारं ॲप आहे, ते वापरलं तर एवढी मेहनत कशाला?

या ॲपचं मूळ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांच्या १९७८ च्या पद्धतीत आहे. त्यांनी चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना नंबर दिले, ओठांचे कोपरे वर जाणं १२ नंबर, गाल वर उचलून डोळे बारीक होणं ६ नंबर, दोन्ही एकत्र आले तर मनापासूनचं हसू, असं. पद्धत म्हणून ती उत्तम. पण हालचाल दिसली म्हणजे भावना कळली हे काही खरं नाही, लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१९ मध्ये आधीचं सगळं संशोधन चाळून हेच सांगितलं. मायक्रोसॉफ्टनंही २०२२ मध्ये आपल्या चेहरा-सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून टाकायचं जाहीर केलं.

रंगाचा प्रश्न वेगळाच. २०१८ चा 'जेंडर शेड्स' नावाचा अभ्यास आहे, त्यात चेहऱ्यावरून बाई का पुरुष एवढंच ओळखायला लावलं होतं, तर गोऱ्या पुरुषांत चूक ०.८ टक्क्यांपर्यंत आणि सावळ्या-काळ्या बायांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. भावनेचं तर पुढेच. आणि आपण काही गोरे नाही.

आता गावचं सांगतो. बाया हसल्या की पदर तोंडावर. म्हातारी माणसं दुपट्टा गुंडाळून बसतात. आणि पुरुषांच्या तोंडात खर्रा. ॲपला वाटतं हा माणूस अख्ख्या भागात अस्वस्थ आहे, जबडा सारखा हलतोय, खरं तर तो निवांत सुपारी चघळतोय. खर्ऱ्यात तंबाखू असते, तिच्यानं ठोकेही वाढतात, म्हणजे प्रश्न ९ वाला आकडाही गेला. आम्ही निदान अर्धा तास आधी खर्रा बंद करायला सांगतो. काही जण चिडतात, त्यांच्या चिडण्याचाच आकडा येतो मग.

११. कॉमिक इंग्रजीत आणि सिरीज हिंदी डबमध्ये, मग?

मग तुम्ही माध्यमाची नाही, भाषेची तुलना करताय. इंग्रजी वाचताना अडखळला म्हणून भावना पोचली नाही आणि हिंदीत पोचली, यात सिरीजचा पराक्रम काय? आम्ही कॉमिकच्या संवादांचा मराठी कागद बाजूला देतो. त्यानं नजर इकडेतिकडे होते, अंगठ्याची वेळही बिघडते. पण कोणी वाचून दाखवलं तर वेळ वाचणाऱ्याच्या हातातून पूर्णच जातो, त्यापेक्षा कागद बरा. सबटायटलचंही तसंच, नजर खालच्या ओळीत अडकली की चेहरा पाहायचा राहून जातो. भाषा कोणती होती ते निष्कर्षात लिहा, तळटीपेत लपवू नका.

१२. किती माणसं पाहिजेत?

तोच माणूस दोन्ही गोष्टी करणार असेल तर तीसेक लोकांत बरंच दिसतं, वेगवेगळे गट केले तर कितीतरी जास्त लागतात. घट्ट्यांचं कारण वर आहेच (प्रश्न ८), म्हणून आम्ही नेहमी तोच माणूस दोन्ही करतो. नेमका आकडा आधीच गणित करून ठरवा, मोजत मोजत "आता फरक दिसला, थांबा" असं नको.

१३. एवढं कशाला, व्ह्यूज आणि कमेंट मोजल्या की झालं ना?

व्ह्यूजवरून भावना कळत नाही, फक्त चालू किती वेळ होतं ते कळतं, आणि तेही कसं मोजलं त्यावर आहे. नेटफ्लिक्स आधी दोन मिनिटं पाहिलं तरी व्ह्यू धरायचं, २०२१ च्या शेवटी एकूण तास सांगायला लागलं, २०२३ पासून एकूण तास भागिले सिरीजची लांबी. तीच सिरीज, तीन हिशोब. बाबा झोपले आणि टीव्ही चालू राहिला तेही त्यात आलंच.

कमेंटमध्ये थोडं सापडतं. मराठीसाठी पुण्याच्या एल३क्यूब गटाचा महासेंट नावाचा साठा २०२१ पासून आहे, सुमारे १६ हजार ट्वीट, चांगलं-वाईट-मधलं अशा खुणा केलेले. पण तो ट्विटरवरच्या मराठीचा. "मेलो ना बे हासून हासून" यात मशीनला मरण दिसतं. "काय बेक्कार ॲक्टिंग केली राजेहो" ही शिवी का शाबासकी, हे तर वर्धेच्या माणसालाही आवाज ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही.

१४. सगळे मिळून पाहिलं तर वेगळं वाटतं का?

वाटतंच. कॉमिक माणूस एकटा वाचतो, पांघरुणात, आवाज बंद. सिरीज बैठकीत लागते, दहा माणसं, एक जण सारखा बोलणारा. म्हणजे वाचन आणि पडदा यांची तुलना करता करता तुम्ही एकटं आणि घोळक्यात याचीच तुलना करून बसता. खरी तुलना हवी तर सिरीजही एकट्याला इअरफोन लावून दाखवा.

पण मला घोळक्याचा डेटा जास्त आवडतो. झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे भात निघाला की नाटकं सुरू, वडसा म्हणजे त्याचं मुख्य ठिकाण, रात्रभर चालतात, आणि तिथला प्रेक्षक रडायला आला की उघड रडतो, खलनायक आला की बसल्या जागेवरून ओरडतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तिथं भावना मोजायला वायर कशाला, तंबूच्या मागं रेकॉर्डर ठेवला तरी पुरे. त्याच गावचा माणूस फोनवर एकटा कॉमिक वाचताना दगडासारखा बसतो. दगड झाला का? नाही, समोर कोणी नाही, दाखवायचं कोणाला. चेहऱ्याच्या खुणा लोकांसाठी असतात, घाम आपल्यापुरता, म्हणून दोन्हींचा मेळ बसला नाही तर घाबरू नका.

घोळक्यात मोजायचं तर कोण कोणाशेजारी बसलं ते लिहून ठेवा. सुनेचा आकडा सासू खोलीत आहे का नाही यावर बदलतो, आणि हे सुनेनं पाहणी करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

१५. आमच्या हॉलमध्ये माझ्या अकाउंटवरून सिरीज दाखवू का?

नको. ते अकाउंट घरगुती वापरासाठी असतं, हॉल भरवायची परवानगी त्यात नाही. आम्ही ज्यांच्या घरी अकाउंट आधीच आहे त्यांच्याकडेच जाऊन बसतो. हॉलमध्ये फक्त कंपनीनं स्वतः यूट्यूबवर टाकलेले ट्रेलर.

१६. मध्येच लाइट गेली किंवा नेट अडकलं तर?

तो प्रसंग बाद. गोल गोल फिरणारं चिन्ह आलं की राग येतो आणि तो राग मशीनला भीतीसारखाच दिसतो. आधीच डाउनलोड करून ठेवा, इन्व्हर्टरवर भरवसा नको.

१७. सोयाबीनला भाव नाही, माणूस आधीच डोक्यानं तापलेला, त्याचं काय मोजणार?

त्याचंही मोजायचं, पण आधी. सुरुवातीला पाचेक मिनिटं काहीच न दाखवता बसवा, मशीन चालू ठेवा, कागदावर "आत्ता कसं वाटते" विचारा. नंतरच्या आकड्यातून हा वजा करून फरक बघा. तरी सगळं जात नाही. बाजार समितीतून आलेल्या माणसाला कर्जबाजारी नायकाचा सीन दाखवला तर तो सिरीज पाहत नसतो, सातबारा पाहत असतो. आम्ही बाजाराच्या दिवशी आणि बँकेच्या नोटिशी निघतात त्या आठवड्यात मोजत नाही. ज्या घरात नुकतं कोणी गेलंय तिथं तर जातच नाही, हा नियम ताईचा, आम्हाला तो आधी सुचला नव्हता याची लाज वाटते.

१८. शाळेतल्या पोरांवर करता येईल का? तेच तर जास्त वाचतात.

१८ वर्षांखालच्या मुलांची डिजिटल माहिती घ्यायची तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. संशोधनाला काही सूट आहे, पण तिच्या आडोशाला उभं राहू नका. नुसती सही नको, बापाला मशीन लावून दाखवा, मग विचारा. पोरगं स्वतः नाही म्हणालं तर सही असूनही नाही. आणि झाँबीवाल्या सिरीज मोठ्यांसाठीच्या असतात, पोरानं ते कॉमिक आधीच वाचलं असलं तरी तुम्ही दाखवायचं कारण नाही.

१९. मूळ कॉमिकचा कट्टर चाहता असेल तर त्याला वगळायचं का?

वगळू नका, वेगळा लिहा. पहिल्या पाच मिनिटांत त्याचा घाम वाढतो तो कथेमुळे नाही, "हिरो असा नव्हता बे" यामुळे. सिरीज लावायच्या आधी विचारा, तुझ्या डोक्यात हा माणूस कसा बोलतो? त्याचा आवाज कसा? कॉमिकला आवाज नसतो, चाहत्यानं तो स्वतः दिलेला असतो, आणि पडद्यावर दुसऱ्याचा आवाज आला की खटकतं. आमच्याकडे एका पोरानं नायकाला आपल्या मोठ्या भावाचा आवाज दिला होता. भाऊ पुण्याला कंपनीत आहे. हिंदी डब सुरू झाला आणि त्यानं दुसऱ्याच मिनिटाला वायर काढून ठेवली, "हा तो नाही" म्हणाला. आम्ही त्या ओळीत आकडा लिहिला नाही, वाक्यच लिहिलं.

२०. आजी पूर्ण वेळ रडली आणि कागदावर सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. हे चुकीचं उत्तर धरायचं का?

आम्हीही आधी चूकच धरली होती. वाटलं आजीला पट्टी उलटी समजली. परत समजावलं, तिनं परत तिथंच खूण केली आणि म्हणाली, "अरे बाबू, रडू आलं म्हणूनच त चांगलं होतं."

प्रश्न ३ मधली आडवी रेषा इथं कमी पडते. एकाच रेषेवर सुख एका टोकाला आणि दुःख दुसऱ्या टोकाला ठेवलं की दोन्ही एकदम असलेल्या माणसाला जागाच उरत नाही, त्याला मध्ये "काहीच वाटलं नाही" तिथं बसवावं लागतं, जे साफ खोटं आहे. करुण रस आपण पैसे देऊन, रात्र जागून पाहतो ते काही दुःखी व्हायला नाही. म्हणून आता आम्ही दोन वेगळ्या पट्ट्या देतो, एक "किती चांगलं वाटलं" आणि एक "किती वाईट वाटलं", दोन्ही शून्यापासून. आजीचं दोन्हीकडे भरून येतं. अशा माणसांची सरासरी काढू नका, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि रडू कोणत्या सेकंदाला सुरू झालं तेही लिहा. आजीच्या बाबतीत ते नायिका मेली तेव्हा नव्हतं, तिची आई डबा भरत होती तिथं होतं, आणि कॉमिकमध्ये त्या डब्याला एकच चित्र दिलेलं आहे.